जोतीआबांची होडी कुणी नेली?

"हात लावू नकोस त्या माशांना!" राजेश्वरी ओरडली.

बुद्धघोषने पुढे केलेला हात झटकन मागे घेतला. नीरेच्या डोहावर मेलेले मासे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून! काठाशी थोडे होते, पण मधोमध नुसता खच पडला होता.

"सुरुंगाची कांडी टाकलीय कुणीतरी," राजेश्वरी म्हणाली. "विहिरीचा खडक फोडायला आणत्यात ना, ती."

"पण एवढ्या मधोमध?" पिंकीने डोळे बारीक केले. "काठावरून कोण फेकणार? त्याला होडीच पाहिजे!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण या काठाला होडी एकच होती. जोतीआबांची!

जोतीआबा म्हणजे पिंकी आणि बुद्धघोषचे आजोबा. जन्मभर त्यांनी वालचंदनगरला कारखान्यात सुतारकाम केलं आणि मग लासुर्ण्याच्या पुढे, नदीकाठी घर बांधलं. वाकस, पटाशी आणि रंधा घेऊन त्यांनी एकट्याने सागवानी होडी घडवली. त्याच होडीत त्यांनी नातवंडांना आणि शेजारच्या राजेश्वरीला वल्हवायला शिकवलं. खंड्या कुठल्या दरडीत बीळ करतो ते दाखवलं. आणि डोहात कांड्या टाकणाऱ्यांना त्याच होडीतून जाऊन पिटाळून लावलं. मागच्या मे महिन्यात आबा गेले. पावसाळ्यात होडीही नाहीशी झाली. पुरात वाहून गेली, असं मानसिंगराव सांगत. ते राजेश्वरीचे चुलते.

"काय चाललंय रं हितं?"

बांधावर मानसिंगरावच उभे होते!

"काका, मासे मेलेत. कुणीतरी होडीतून..."

"गप!" त्यांनी राजेश्वरीचा दंड धरला. "ह्यांच्यात पुन्हा दिसलीस तर तंगडं मोडीन! आन् तुमी दोघं, निघा हितनं! म्हातारा गेला, आता त्याची फौज आली व्हय? होडी म्हणं होडी! वाकडीतिकडी लाकडं ठोकलेली. एका पुरात खपली!"

पिंकीचे कान तापले. आबांची होडी वाकडीतिकडी?

घरी येताच तिने सगळं पप्पांना सांगितलं, होडी मानसिंगरावांनीच लपवली असणार हेही. तिचे पप्पा, सोमनाथ, उद्याच्या पाहुण्यांसाठी सतरंज्या झटकत होते.

"पुरावा आहे का काही?" ते म्हणाले. "उद्या आबांचा स्मृतिदिन आहे. शेजाऱ्याशी भांडण नको."

"तुम्ही नेहमी गप्पच बसता! आबा गप्प बसले नसते!"

"पिंकी!" पप्पांचा हात वर गेला. ताईबाई आजी मध्ये पडली नसती, तर तो गालावर बसलाच असता.

पिंकी रडत ओसरीवर जाऊन बसली. बुद्धघोष हळूच शेजारी आला.

"मानसिंगरावांच्या मळ्यात आपल्याला पाऊलही टाकू देणार नाहीत. मग होडी शोधायची कशी?"

"आपण शोधायचीच नाही," पिंकीने नाक पुसलं. "त्यांनाच दाखवायला लावायची! तू राजेश्वरीला निरोप दे. उद्या बांधावर लक्ष ठेव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी अंगणात आबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं. मग एकेकजण आबांची आठवण सांगू लागला.

"माझी शेळी नदीत व्हावून चालली व्हती," छबूबाई म्हणाल्या. "आबांनी सदऱ्यासकट उडी टाकली! शेळी काढली, आन् वर मलाच रागावलं."

सगळे हसले. पुढच्या खुर्चीवर मानसिंगराव खुशाल जांभया देत होते. पिंकी उभी राहिली.

"आबांच्या होडीची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे," ती म्हणाली. "तळाला त्यांनी लाकडी बूच बसवलं होतं. उन्हात ते आकसतं. तेल पाजलं नाही, तर अचानक निसटतं आणि होडी बघता बघता बुडते! आज होडी असती, तर मी स्वतः तेल पाजलं असतं."

शेवटी तिचा आवाज खरोखरच कापला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मानसिंगरावांची जांभई मात्र अर्ध्यातच थांबली.

"जरा पाण्याची मोटार बघून येतो," असं पुटपुटत ते मागच्या मागे निघाले.

थोड्या वेळाने बांधावरून शीळ ऐकू आली. राजेश्वरी!

"पप्पा! पोलीस पाटील काका! चला लवकर!"

पप्पा क्षणभर घुटमळले. मग चपला न घालताच धावत सुटले.

उसाच्या फडापलीकडे, काठच्या पाण्यात, उंच पाणकणसांच्या आड, पाचटाखाली होडी दडवली होती. वरून डांबर फासलेलं! आणि तिच्यात मानसिंगराव उभे होते, पायाने तळ चाचपत, कांड्यांचं खोकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून!

"माझी हाय ही!" ते गरजले. "म्हाताऱ्याकडनं इकत घेतलीया!"

"काल तर पुरात गेली म्हणालात!" बुद्धघोष ओरडला.

"आन् मी हिच्यातच वल्हवायला शिकले, काका," राजेश्वरी पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती मागे सरली नाही. "डांबर फासलं म्हणून काय मी वळखायची न्हाय?"

खोकं खाली ठेवून मानसिंगरावांनी तिच्यावर हात उगारला. सोमनाथनी पाण्यात उतरून तो हवेतच धरला.

"हात खाली घ्या, मानसिंगराव."

"सोड! तुझी एवढी हिंमत?"

"खाली घ्या म्हणतो ना!"

पप्पांचा असा आवाज पिंकीने कधीच ऐकला नव्हता. पोलीस पाटलांनी खोकं ताब्यात घेतलं. "बघून घेईन एकेकाला!" असं ओरडणाऱ्या मानसिंगरावांना माणसं गावाकडे घेऊन गेली.

"आमी वरीसभर ह्याच वाटंनं जातोय," पाटील म्हणाले, "आन् छडा लावला पोरांनी! शाब्बास रं!"

पप्पांनी पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला. राजेश्वरीला त्यांनी जवळ ओढलं. "आजपासून हिच्या अंगाला कोण हात लावतो, बघतो मी," ते म्हणाले.

मागून ताईबाई आजी दमत दमत येऊन पोचली. पिंकीने मान खाली घातली.

"आजी, पंचशील म्हणून झाल्या झाल्या मी खोटं बोलले. बूच-बीच काही नाही."

"मला ठावं हाय! तुझ्या आबाची होडी आन् गळंल? तू बोलाया लागलीस तवाच कळलं, पोरीनं जाळं टाकलंय!"

आजीला पाण्याची भारी भीती. नवऱ्याने विनवण्या करूनही ती कधी होडीत बसली नव्हती. तिने लुगडं वर खोचलं, पिंकीला आधी होडीत चढवलं, सोमनाथचा खांदा धरला आणि एक पाय होडीत टाकला. होडी डुलली. आजीने डोळे गच्च मिटले, पण दुसरा पायही उचलला.

"सरक तिकडं," ती पिंकीला म्हणाली. "आन् वल्हं कसं धरत्यात, दाव मला."