बंद दुकानातला जाळ

वारंगा फाट्यावर नरसिंग सुताराचं दुकान जळालं अन् आत निजलेली त्याची सात वर्षांची शीतल गेली. चौथ्या दिवशी चतुराबाई अमृतरावाच्या दारात येऊन बसली.

"नरसिंगाकडं कामाला असलेलं माझं पोरगं, रत्नपाल, पोलिसांनी नेलं. म्हनतात त्यानंच जाळलं."

अमृतरावानं तीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेली. आगीचं कोडं पडलं की लोक त्याच्याकडंच येत. संगं वसराम असायचा. मनानं सोनं, डोक्यानं बैलगाडी.

"भांडून गेलं पोरगं. बिडी वढतं. अजून काय पायजे?" वाटेत वसराम म्हनला.

"गेलं कधी?"

"सकाळी नऊला."

"अन् जाळ?"

"दुपारी तीनला."

"सहा घंटे टिकनारी बिडी मला बी आनून दे."

नरसिंग राखेत बसला व्हता. "सुट्टी न्हाई म्हनलं, तं दाराला जवसाचं तेल लावता लावता उठून गेला."

"लाईट?"

"त्या दिशी सकाळपासून गुल. चूल तिकडं घरात."

शीतलची माय जिवनबाई भिंतीकडं तोंड करून बोलली. "दुकानात गार वाटतं म्हनून निजवली. बाहेरून कडी घातली, धुनं घेऊन गेले."

"तेलाच्या चिंध्या?"

"रत्नपाल रोज कुंपनावर वाळत घालायचा. त्या दिशी तशाच टाकून गेला. म्या पोत्यात दाबल्या, तोंड बांधलं, कोपऱ्यात ठेवल्या. उद्याला कामी येतात."

अमृतरावानं कोपऱ्यातल्या फळीत सुरी खुपसली. मुठीपर्यंत कोळसा. बाकीच्या फळ्या वरवरच जळालेल्या.

दुसऱ्या दिशी सकाळीच त्यानं जवसाच्या तेलाच्या चिंध्या दाबून तसंच पोतं बांधलं अन् नरसिंगाच्या अंगनात उनात ठेवलं. दुपारी ठाण्यातल्या जमादाराला अन् चतुराबाईला बोलावलं.

"वसराम, हात घाल आत."

वसरामनं घातला अन् झटक्यात काढला. "भाजलं की. काडी कोनी लावली?"

"कोनीच न्हाई. जवसाचं तेल वाळताना तापतं. चिंधी पसरली तं वारा ताप नेतो. दाबून बांधली तं ताप आतच कोंडतो, वाढतो, अन् कापड आपसूक पेटतं. लाईट न्हाई, चूल न्हाई, बिडी सहा घंटे टिकत न्हाई. सगळ्यात खोल जळाला तो पोत्याचा कोपरा. नरसिंग, चिंध्या कुंपनावर काहून वाळवायचे?"

"बापाची रीत. म्या पोराला शिकवली. काहून, ते मला बी कोनी सांगितलं न्हाई."

जमादारानं वही मिटली. "बाई, तुझं पोरगं सांजच्याला सुटंल."

जिवनबाई वळली. "मंग म्याच पेटवली?"

अमृतरावानं पोतं सोडलं अन् एकेक चिंधी कुंपनावर पसरली.

चतुराबाईनं जिवनबाईच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला सारला. "तुमचं पोरगं येऊन राहिलं की घरी. जावा."

चतुराबाईच्यानं उठवेना.