पाठीचं माप

हाडांची घनता मोजायच्या खोलीत एक मावशी पडद्यामागे गाऊनची वाट बघत उभ्या होत्या, आणि तो गाऊन बाहेर बाकावर एका तरुणाच्या मांडीवर पसरलेला होता. तरुणाच्या हातात सुई, दातांत दोरा.

"अहो, हे काय चाललंय?" मशीन चालवणारी मुलगी दार उघडून बाहेर आली. "आत तुमच्या आई कुडकुडताहेत!"

"दोनच मिनिटं," तो वर न बघता म्हणाला. "याचे बंद तुटलेत. हा गाऊन ज्याने शिवला ना, त्याचं पेशंटांशी काहीतरी जुनं वैर असणार."

तिला हसू आलं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं आणि त्याची नजर तिच्या पांढऱ्या एप्रनवर अडखळली. मग तो कानापर्यंत लाल झाला.

"नाही म्हणजे... तिसरं बटण नाहीये तुमचं. शिंपी आहे मी. नजर आधी तिकडेच जाते."

"माहितीये मला. तीन महिन्यांपासून माहितीये. वेळ कुठे मिळतो?" तिने गाऊन ओढूनच घेतला आणि आत जाऊन नेहमीचा प्रश्न विचारला. दिवसातून वीसदा विचारायची ती तो. "अंगावर धातूचं काही? चेन, हूक, बटण? खिशात काही?"

"माझ्याकडे सुई आहे!" बाहेरून आवाज आला.

"तुम्हाला नाही विचारलं!"

त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं... सुईदोरा.

मावशींना काय झालंय, हे शोधून काढलं होतं या सुईदोऱ्याने. फॉर्म भरताना त्याने सगळं सांगितलं. आईसाठी गरम कोट शिवायला घेतला, पाठीचं माप घेतलं, तर ते तीन वर्षांपूर्वीच्या मापापेक्षा दीड इंच कमी! आई म्हणाली, तुझी टेपच खोटी आहे. पण टेप खोटी नव्हती. एक्स-रे काढला, तर पाठीचे दोन मणके दबलेले. कधी दबले, ते मावशींनाही सांगता येईना. कंबर धरली होती म्हणे मध्ये, बादली उचलताना.

"पण टेपबद्दल एवढी खात्री कशी?" तिने विचारलं.

"कापडी टेप वापरून ताणली जाते. म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती लोखंडी पट्टीवर लावून बघतो. मग पहिलं गिऱ्हाईक."

तिचा पेन थांबला. कारण रोज सकाळी या खोलीतला पहिला पेशंट म्हणजे प्लॅस्टिकचा एक ठोकळा असायचा, पोटात खोटे मणके घातलेला. त्याचा आकडा रोज तोच आला, तरच मशीन खरं. सगळे तिला यावरून चिडवायचे, ठोकळ्याशी संसार मांडलाय म्हणून. आणि हा माणूस... तिने मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न विचारला. आता खरं सांगायचं तर ती त्याच क्षणी प्रेमात पडली होती, पण कबूल कोण करतंय!

कबूल करायची सोयही नव्हती. हे काम संशोधनाचं होतं. ठिसूळ हाडांसाठी निम्म्या बायकांना जुनं औषध, निम्म्यांना नवं. कोणाला कोणतं मिळतंय ते ना तिला माहीत, ना मोठ्या डॉक्टरांना. दर सहा महिन्यांनी मोजमाप, दोन वर्षं. आणि पहिल्याच पानावर नियम लिहिलेला होता की मोजणाऱ्याने पेशंटच्या घरच्यांशी घरोबा ठेवायचा नाही, भेटवस्तू घ्यायची नाही. शेवटची तपासणी फाईलमध्ये बंद होईपर्यंत तरी नाहीच. मन गुंतलं की डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. ते बरोबरच होतं, हीच तर पंचाईत होती.

मग भेटी व्हायच्या सहा महिन्यांनी एकदा, आणि बोलणं फॉर्मातलं.

"आई रोज किती चालतात?"

"वीस मिनिटं. मी असतो बरोबर. तुम्ही कुठे जाता चालायला?"

"हा प्रश्न फॉर्मात नाही."

"म्हणूनच विचारतोय."

"दूध घेतात का?"

"नाक मुरडून घेतात. तुम्ही...?"

"तुमच्या आईंचं विचारतेय मी!"

पडद्यामागून मावशी खाकरायच्या. "अगं हाडवाले, मी झोपू का या टेबलावर, की तुमचं व्हायचंय अजून?"

दुसऱ्या भेटीला त्याने बारा गाऊन शिवून आणले. मऊ कापड, पुढे बंद, धातूचं नाव नाही. ते तिच्यासाठी नव्हते, रीतसर मोठ्या डॉक्टरांना अर्ज करून खोलीला दिले होते. पण त्यानंतर आत येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगंबाई, किती छान गाऊन!" आणि ती उगाचच खूश व्हायची, जणू तिनेच शिवलेत.

बघता बघता शेवटची भेट आली. बाहेर बारीक पाऊस होता. छत्री झटकत तो दारात थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आज फाईल बंद झाली की... मला एक विचारायचंय. फॉर्माबाहेरचं."

तिने नुसती मान हलवली.

मावशी टेबलावर झोपल्या. मशीनचा हात हळूहळू त्यांच्यावरून सरकला. पडद्यावर आकडा आला आणि ही चक्क उडालीच! मणक्यांची घनता कितीतरी वाढली होती. तशीच ती बाहेर धावली.

"वाढलंय! खूप वाढलंय!"

त्याने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. दोन वर्षं आई जिना उतरताना हा माणूस दोन पायऱ्या पुढे उलटा चालायचा, पडली तर झेलायला. "म्हणजे आता..." त्याचा हात खिशात गेला.

"थांबा. फाईल बंद करून येते."

आत येऊन तिने शेवटचं म्हणून चित्र पाहिलं. आणि बघतच राहिली. वाढ सगळ्या मणक्यांत नव्हती, एकट्या तिसऱ्यात होती. त्याच्यावर एक पांढरा गोल ठिपका... गोळीएवढा. नव्हे, गोळीच!

बोट बटणावर होतं. दाबलं की फाईल बंद, नियम संपला, तो बाहेर उभाच आहे. एवढ्या शेकडो चित्रांत हा ठिपका कोणाच्या लक्षात येणार होता? पण त्या चित्रांवरून उद्या कुठल्या तरी अनोळखी बाईला औषध ठरणार होतं. आणि दबलेल्या मणक्यांच्या मावशी आपली हाडं घट्ट झाली म्हणून बादल्या उचलायला लागल्या असत्या. तिने बोट काढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण काढलं.

"मावशी, आज सकाळी काय खाल्लंत?"

मावशी गाऊनच्या बंदाशी चाळा करत बसल्या. "कॅल्शियमच्या दोन गोळ्या. जास्तीच्या. घोटभर पाण्याबरोबर... परीक्षा म्हटल्यावर थोडी तयारी करावी ना!"

"तपासणीच्या आधी घ्यायच्या नाहीत, सांगितलं होतं ना मी? त्यातली एक गोळी पोटात तशीच आहे. मशीनने ती हाडात धरली."

"चुकलंच माझं. पण मला वाटलं, तुझे मार्क चांगले यावेत."

"माझे?"

"मग काय! टेबलावरून मला तुझा चेहरा दिसतो. गेल्या खेपेला आकडा तिथेच होता, तर किती हिरमुसलीस. माझ्या हाडांसाठी कोणी एवढा जीव टाकतं, याची मला काहीतरी परतफेड करायची होती, पोरी."

तिला रागावताही येईना. ती बाहेर आली. "माझी चूक झाली. आधी नीट बघायला हवं होतं. आकडा खोटा आहे, परत मोजावं लागेल, आठ दिवसांनी. आणि खरा आकडा... कमीही असू शकतो."

त्याने मान खाली घातली. तिला वाटलं, संपलं. हातातोंडाशी आलेला आनंद आपणच हिसकावला.

मग त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"आभारी आहे मी तुमचा. खरंच. थांबतो आठ दिवस. दोन वर्षं थांबलो, त्यात काय."

आठ दिवसांनी मावशी पोटात एकही जास्तीची गोळी न घेता, शपथेवर, टेबलावर झोपल्या. आकडा आला. तिने या वेळी चित्र तीनदा पाहिलं. मग शेवटी बटण दाबलं आणि मगच बोलली.

"तीन टक्के वाढ आहे, मावशी."

"एवढीच?"

"एवढीच. पण ही तुमची स्वतःची आहे. या वयात हाड टिकलं तरी जिंकलं, तुमचं तर वाढलंय."

मावशींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "जुनं मिळालं की नवं, मला ठाऊक नाही बाई. पण ज्यांनी शोधलं त्यांचं भलं होवो. आणि तुझंही." मग त्या कपडे बदलायला पडद्यामागे गेल्या.

ती बाहेर आली. तो उठून उभा राहिला. "मीही काल पाठीचं माप घेतलं. दोन वर्षांपूर्वी होतं तेवढंच, एक सूतही कमी नाही." मग थांबून म्हणाला, "बंद झाली... फाईल?"

"झाली." तिने गंभीर चेहरा केला. "आता तुम्ही सांगा. अंगावर धातूचं काही? चेन, हूक? खिशात काही?"

"खिशात आहे," तो म्हणाला आणि कागदाची एक लहानशी पुडी काढली. आत पांढरं बटण होतं, तिच्या एप्रनला तंतोतंत जुळणारं. "पहिल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं. भेटवस्तू नियमात बसत नव्हती, म्हणून नुसतं खिशात घेऊन फिरलो. मला तुम्ही फार आवडता. हेच विचारायचं होतं... म्हणजे सांगायचं होतं. लावू का?"

"लावा."

त्याने सुईत दोरा ओवला. एरवी एका फटक्यात ओवायचा, आज तीनदा चुकला. "हलू नका हं," तो म्हणाला. "शांत श्वास घ्या." हे तर टेबलावरच्या पेशंटांना सांगायचं तिचंच वाक्य! पण श्वास काही शांत होईना.

"एक सांगा," दोरा ओढत त्याने विचारलं, "दोन वर्षांत एक बटण लावायला तुम्हाला वेळच मिळाला नाही?"

"मिळाला होता," ती म्हणाली. "खूपदा."

सुई मध्येच थांबली. आत पडद्यामागे मावशींचे कपडे घालून केव्हाच झाले होते. पण आज त्या खाकरल्या नाहीत, स्टुलावर हात मांडीत घेऊन गप्प बसून राहिल्या.