राणीची जागा

साडी नीट बसते का बघायला गेले होते, एवढंच. पडेगावच्या पुढं आमच्या नाट्यसंस्थेची तालमीची शेड आहे. भर दुपारी वरचा पत्रा तापून कडकड वाजतो आणि आत पावडर, डिंक, उंदरांचा वास कोंडलेला असतो.

नाटकातली राणी मीच. तीन अंक सिंहासनासाठी जीव टाकते, नवऱ्याला राजा करते, त्यानं केलेले खून पचवते आणि शेवटी वेडी होऊन त्याच्याच पायाशी मरते. मी दिग्दर्शकांना म्हटलं होतं, "सर, मरते ना, पण एकदा सिंहासनावर बसून मरू द्या."

इंद्रजीतसर हसले. "राणी बसली तर शोकांतिका कसली, तनुजा?"

शिवाय संस्थेचा रिवाज. मुहूर्ताला सिंहासनाची पूजा होते. हळदकुंकू बायकांनी वाहायचं, बसायचं मात्र पुरुषानं. माझं डोकंच फिरलं होतं.

कपडेपट सांभाळणाऱ्या आशाबाईंनी निऱ्या खोचता खोचता आवाज बारीक केला. "नाद सोड, बाई. गीताबाई बसली व्हती. हीच राणी करायची. सरांनी चारचौघांत दंडाला धरून खाली वढली. लई लागलं तिच्या मनाला. वर्षाच्या आत गेली…"

त्या पिना आणायला बाहेर गेल्या. मी सरळ जाऊन कोपऱ्यातल्या सिंहासनावर बसले.

खाली लाकूड नव्हतं. मांडी होती. गार… मऊ. मागून दोन हात माझ्या कमरेभोवती आले. कानाशी कुणीतरी म्हणालं, "बस. आता नाय उठायचं…"

अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगू? उठावंसंही वाटेना.

तेवढ्यात सर आले. "तनुजा, खाली उतर." तरातरा पुढं येऊन त्यांनी माझा दंड धरला, ओढलं. मी तसूभर हलले नाही. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दंड सोडला.

"गीताबाई…" त्यांचे हात जोडले गेले. "चुकलं माझं…"

त्यांना बाईची माफी मागताना मी पहिल्यांदाच बघत होते. कमरेवरचे हात सुटले. खाली साधं लाकूड लागलं.

आशाबाई पिना घेऊन दारात आल्या. माझ्याकडं बघून जागच्या जागी थांबल्या.

"गीता…" त्या हळूच म्हणाल्या, "ती पोरगी कुठं गेली गं?"

मी उठले नाही.