न वाजणारी खिरापत

फुग्यांचं शेवटचं पाकीट आम्ही दोघांनी एकदमच धरलं. इतवारा बाजारातलं दुकान, बाहेर भुरभुर पाऊस, आणि पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला हा... उंच, सावळा, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर.

"सोडा जी," तो म्हणाला, "भाचीचा वाढदिवस हाय."

"अन् मले माझ्या बालवाडीसाठी पायजेत."

"बालवाडीत पोट्टे रोजच असतात, मॅडम. वाढदिवस वर्षातून एकदाच येते."

वादात मी सहसा हरत नाही. पण तो हसला आणि माझी पकड ढिली झाली. मी नाव सांगितलं, रागिणी. बोलता बोलता कळलं, तो अंकुर. कूलर दुरुस्त करतो, आणि राहतो माझ्या नव्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला लागून, पलीकडच्या घरात.

"अच्छा! म्हणजे दुपारी डबा वाजवता ते तुमी," मी चिडवलं. "रोज ऐकते मी. खुळखुळ... मंग थांबते... मंग पुन्हा खुळखुळ."

त्याचं हसू मावळलं. "दुपारी आमच्या घरी कोणीच नसते. मी दुकानात, बाबा जिनिंग मिलमधी, भाची प्रणाली शाळेत."

अंगावर काटा आला माझ्या. छत्री मात्र त्याच्याकडे नव्हती, म्हणून आम्ही माझ्या छत्रीतून निघालो. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. त्याची ताई, जमुना, दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. तिच्या नवऱ्यानं धामणगावला दुसरं घर मांडलं, आणि पोर मामाकडे आली. जमुनाला भुलाबाईचा भारी नाद होता. आश्विनात भुलाबाई, पार्वतीच ती, माहेरी येते, मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकणबंद डबा वाजवून आतली खिरापत, म्हणजे खाऊ, ओळखायला लावतात. खिरापत ओळखण्यात सगळ्या गल्लीत जमुनाचा हात धरणारी कोणी नव्हती.

"ती गेली अन् हा आवाज सुरू झाला," अंकुर म्हणाला. "मागच्या वाढदिवसाले केक आणला, खुर्च्या आणल्या. त्या आवाजाच्या भेवानं एक बी पोट्टं नाई आलं. बाबा म्हणतात, यंदा बी कोणी नाई आलं तं पोरीले धामणगावले तिच्या बापाकडे पाठवतो. ज्या घरात लेकरं पाय ठेवत नाईत, त्या घरात लेकरू कायले ठेवायचं?"

"अन् पोरीले काय पायजे?"

"तिले इथंच राहायचं हाय. अन् या खेपेस केकपुरते पैसे बी नाईत, मॅडम."

"मंग खिरापतच ठेवू ना," मी म्हटलं. "जो तो घरून डबा आणंन, बाकीचे ओळखतीन, अन् मंग अंगतपंगत. केक कायले पायजे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. छत्री लहान होती... बरंच होतं ते.

मग रोज संध्याकाळी मी पलीकडे जाऊ लागले. जमुनाच्या जुन्या साड्यांचे पडदे झाले. कूलरच्या मोडक्या पंख्याच्या पात्यांना आम्ही रंगीत चिंध्या बांधल्या. गाठ मारताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथेच थांबली. मीही हात काढला नाही. तेवढ्यात पंखा हळूच फिरू लागला.

"वायर लावली का तुमी?"

"नाई," तो पुटपुटला. "वारा असन."

खिडक्या बंद होत्या. भिंतीवरच्या फोटोतली जमुना मात्र छान हसत होती.

आता उरल्या गल्लीतल्या आया. समोरच्या बेबीताईंनी तर कानालाच हात लावला. "त्या घरात? नाई वं बाई!"

"ताई, गेली ती गेली. तिची लेक तं जित्ती हाय ना? तुमी बी चला संगं, दारात बसून राहा."

वाढदिवसाला तिन्हीसांजेपर्यंत दार रिकामंच होतं. प्रणाली नवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली होती. तिचे आजोबा, जानराव, तिची धामणगावला न्यायची पिशवी खुंटीवरून काढायला लागले. तेवढ्यात गल्लीतून आवाज आला... खुळखुळ! बेबीताई, त्यांच्या दोन मुली, आणि मागे डबे वाजवत सगळी वानरसेना!

मग काय, नुसता धुडगूस. फुटाणे ओळखले गेले, मुरमुरे ओळखले गेले, करंजी कोणालाच ओळखता आली नाही. शेवटी एक स्टीलचा डबा उरला, अंकुरचा. पोरांनी हलवला, उलटा केला. काहीच वाजेना.

"रिकामा हाय तो," अंकुर घाईघाईनं म्हणाला. "ठेवून द्या."

प्रणालीनं डब्याला कान लावला. घरात अचानक गारवा आला. चिंध्यांचा पंखा फिरू लागला.

"गजरा हाय," ती म्हणाली. "शेवंतीचा. आई म्हणते, मामानं रागिणी मावशीसाठी ठेवला."

अंकुर कानापर्यंत लाल झाला, मग पांढरा पडला. "ठेवला होता... सकाळी. पण हिंमत नाई झाली. काढून ताईच्या फोटोले घातला. बाबा, तुमच्यासमोरच घातला ना मी?"

जानरावांनी मान हलवली. आम्ही सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं.

फोटो मोकळा होता.

मी झाकण उघडलं. पिवळाधमक गजरा, नुकताच गुंफल्यासारखा ओला. बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. पोरं मात्र नाचायला लागली, "ओळखलं! प्रणालीनं ओळखलं!"

जानरावांनी फोटोवरून हात फिरवला. मग पिशवी परत खुंटीला अडकवली. "माहेरी आली पोरगी माही," ते म्हणाले, "अन् मी तिच्याच लेकीले काढून देत होतो. प्रणाली कुठंच जात नाई."

ओळखणाऱ्याचीच खिरापत. प्रणालीनं गजरा घेतला, मला खाली बसवलं आणि माझ्या केसांत माळला.

"मॅडम... रागिणी," अंकुर अडखळला, "भिंतीच्या या बाजूले राहायले येसाल का?"

"आता नाई म्हणायची सोय हाय का?" मी म्हटलं. "तुमच्या ताईनं तं आधीच ओळखलं."

तुळशीचं लग्न झालं की आमचं ठरलं आहे.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत एकटी होते. पलीकडे पुन्हा आवाज झाला. खुळखुळ... मग थांबला. कोणीतरी वाट बघत असल्यासारखा. मी भिंतीजवळ गेले.

"फुटाणे?" मी हळूच विचारलं.

खुळखुळ.

"साखरदाणे?"

खुळखुळ.

"...शेंगदाणे?"

बरोबर ओळखलं होतं मी. आवाज थांबला, आणि पुन्हा आलाच नाही. मला भीती वाटली नाही. रडू आलं. दोन वर्षं ती बिचारी डबा वाजवत होती, आणि आम्ही सगळे नुसते घाबरत होतो. उत्तर कोणी दिलंच नव्हतं.