जहाजाच्या बातमीची जागा

रुचाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या छापखान्याचे फोटो हवे होते. माझ्या लेकीची, मीनाक्षीची ही मुलगी. नुकतंच लायसन्स मिळालेलं, गाडी काढायला निमित्तच हवं. म्हणाली, "आजी, चल ना, यू विल लव्ह इट." दोन हजार चारचा उन्हाळा. अमेरिकेत अल्फारेटाला लेकीचं घर, तिथून तासाभराचं गाव, आणि भर दुपारी आभाळ भरून आलेलं.

छापखाना म्हटल्यावर साडी बदलून मीच आधी गाडीत जाऊन बसले. कराडला आमच्या ह्यांचं साप्ताहिक होतं. शिशाच्या अक्षरांचे खिळे हे जुळवायचे, शाईचा रूळ मी फिरवायची. मला अक्षर येत नव्हतं, पण शाई कमी पडली की जास्त झाली, ते रुळाच्या चिकट आवाजावरून कळायचं. हे गेल्याला बरीच वर्षं झाली. रोज वाटतं, न्यायला का येत नाहीत अजून?

तिथं मिस लोरेन नावाची एक म्हातारी गोरी बाई सगळं दाखवत होती. रुचा मला तिच्या मराठीत सांगायची.

"आजी, हा प्रिंटर इंग्लंडमध्ये एका छोट्या टाउनमध्ये पेपर काढायचा. मग हे मशीन घेऊन इथे आला. त्याची वाइफ नेक्स्ट शिपनी येणार होती."

"मग?"

"शिप आलंच नाही."

तिकडे बायकोच त्याला शाई लावून द्यायची म्हणे. इथे आल्यावर दर आठवड्याच्या पेपरात तो एक चौकोन कोरा सोडायचा. ती उतरली की बातमी तिथं घालायची. आमचे हेसुद्धा उशिराच्या बातमीसाठी अशीच जागा धरून ठेवायचे. त्याची मात्र मरेपर्यंत कोरीच राहिली. त्याच्या शेवटच्या पानाचे खिळे अजून यंत्रावर तसेच बांधलेले होते.

तेवढ्यात वीज कडाडली आणि दिवे गेले. मिस लोरेन फ्यूज बघायला मागे गेली. रुचा गाडीच्या काचा लावायला धावली. त्या अंधारलेल्या खोलीत मी एकटी.

हळूहळू ओल्या कागदाचा वास सुटला. मग यंत्राचा दांडा करकरला. माणूस कुणी दिसेना, पण दांडा पुढे आला... मागे गेला... आणि थांबला. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. शाईसाठी थांबला होता. आमचे हे अस्सेच थांबायचे, तोंडानं कधी मागायचे नाहीत.

शाई लावायचे कातड्याचे गोळे कडेला ठेवले होते, मुठीचे. इतक्या वर्षांत वाळून दगड व्हायला हवे होते. मी उचलले तर ओले लागले. हात आपसूक चालायला लागले, खिळ्यांवर शाई दिली. दांडा जोरात ओढला गेला, आणि माझ्या कानाशी कुणीतरी सुस्कारा सोडला... डोक्यावरचा भारा उतरल्यावर सोडतात तसा.

भीती नाही वाटली तेव्हा. रडू आलं.

दिवे आले तर कागद छापून पडलेला. मिस लोरेन दारातच थबकली. रुचानं कागद उचलला, वाचता वाचता चौकोनाशी आली.

"आजी... इथे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"'माझी वाइफ सेफ पोहोचली.' अँड... आजची डेट."

मी म्हटलं, "बाळा, घरी चल." शाई दिली ती मी माझ्या माणसाच्या आठवणीनं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याला वाटलं, आली.

तेव्हापासून दुपारी मी घरात एकटी असले की खाली बेसमेंटमध्ये दांडा करकरायचा आणि थांबायचा. तो छापणारा काहीतरी म्हणायचाही, त्याच्या भाषेत, अगदी हळू. शेवटी जिन्याच्या दाराशी जाऊन मी सांगितलं, "बाबा रे, मी तुझी नव्हे. मला न्यायला माझा माणूस यायचाय. त्यानं येऊन बघितलं आणि मी नसले, तर?" त्यानं ऐकून घेतलं असावं. आवाज थांबला.

आमच्या ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचे, तेही दाराआडून. गेल्या आठवड्यापासून खालून कुणीतरी 'अगं...' म्हणतंय. आवाज ह्यांचाच. फक्त जीभ जरा अडखळते, नवीन शिकल्यासारखी. म्हणून मी जात नव्हते.

काल अडखळली नाही. मीनाक्षी ऑफिसातून आली, तेव्हा मी जिन्याचं दार उघडून उभी होते.