कड्यापलीकडची हाक

माझी मावसबहीण योगिनी खोटं बोलणाऱ्यातली नाही. भुताखेतांवर तर तिचा कधीच विश्वास नव्हता. म्हणून तिनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. पटलं तर घ्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. योगिनी, तिचा नवरा रविराज आणि पाच वर्षांची आरोही निफाडहून सुरगाण्याकडे फिरायला गेले होते. धबधबे, जंगल आणि डोंगरातल्या पाड्यावर मुक्काम. पाड्यावरच्या भागीबाईनं आपल्याच घरात पाहुण्यांसाठी एक खोली काढलेली. चुलीवरची नागलीची भाकरी आरोहीला फार आवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कड्यावरच्या माळावर रानफुलं बघायला गेले. वाट दाखवायला भागीबाई सोबत होती. भुरभुर सुरू झाली तसा रविराज छत्र्या आणायला गाडीकडे वळला.

आणि धुकं आलं.

इतकं दाट, की योगिनीला स्वतःचे पाय दिसेनात. आरोहीचं बोट हातातून कधी सुटलं, कळलंच नाही.

"आरोहीऽऽ!"

काहीच नाही.

रानकिडे गप्प. खाली घोंघावणारा धबधबाही गप्प...

मग समोरून आवाज आला.

"आई, मी इथंय."

योगिनी धावली. घसरली, गुडघे फुटले, पुन्हा उठली.

"हलू नकोस बाळा! तिथंच थांब!"

"ये ना आई... मला भीती वाटते."

आरोहीचाच आवाज. तोच हुंदका. योगिनी हात पसरून पुढं झाली, तोच मागून कुणीतरी तिचा दंड करकचून धरला.

"बाई, थांब! पुढं जमीन नाय!" भागीबाई ओरडली.

"सोडा मला! माझी पोर आहे तिथं!"

वाऱ्यानं धुकं क्षणभर फाटलं.

पायापुढं वीतभर गवत. त्यापुढं दरी. आणि आवाज येत होता तो दरीच्या पोकळीतून... अगदी समोरून.

"आई, एकच पाऊल."

पोरगी गेली, एवढंच योगिनीच्या मनात आलं. कड्यावर पालथी पडून ती घसा फुटेस्तोवर हाका मारत राहिली. धावत आलेला रविराज वेड्यासारखा दरीत उतरायला वाट शोधू लागला.

धुकं विरलं तेव्हा आरोही सापडली.

माळाच्या पार दुसऱ्या टोकाला. झाडाखाली, शांत झोपलेली. सगळं रान ओलंचिंब, तिचा फ्रॉक मात्र कोरडा...

योगिनीनं तिला छातीशी घट्ट धरलं.

"इथं कशी आलीस गं?"

"आईनं आणलं. थोपटलं पण."

"अगं, मीच तुझी आई!"

आरोही तिच्या खांद्यावरून मागं बघत राहिली.

भागीबाईला किती विचारलं. तिनं नुसते हात जोडले. "अंधारायच्या आत निघा, बाई."

आरोही आता शाळेत जाते, खेळते, हसते. पण परवा योगिनी फोनवर ढसाढसा रडली. पोरीला निजवायला बसलं, की पोर तिचा हात हळूच बाजूला करते.

"राहू दे," म्हणते. "आई थोपटतेय ना..."