तोफ आणि वकीलसाहेब

मागून कोणी हाका मारतंय, हे तिला कळणार तरी कसं? ती आपली जिना चढत होती. शेवटी धापा टाकत एकजण पुढ्यातच येऊन उभा राहिला. कपाळावर आठ्या, हातात तिच्या पिशवीतून पडलेले कागद.

"केव्हाचा ओरडतोय! ऐकू येत नाही का?"

"नाही येत," ती म्हणाली. "पण समोरून बोललात की ओठ वाचते. बोला, अजून काय ओरडायचंय?"

बिचाऱ्याचा चेहरा असा काही उतरला, की तिला हसूच फुटलं. डोळे मात्र छान होते हो त्याचे...

वर बैठकीच्या खोलीत जाते तर काय, स्वारी टेबलापलीकडे! कंपनीचे नवे वकील. आली का पंचाईत?

कपड्यांच्या त्या कारखान्यात ती शिवणखात्यात होती. लहानपणी तापात ऐकणं गेलं, बोलणं राहिलं — आणि तेही असं, की युनियनमध्ये सगळे तिला तोफ म्हणत. कंपनीशी आज ठरणाऱ्या नव्या करारात तिला एक कलम हवंच होतं: ऐकू न येणाऱ्या कामगाराशी समोर येऊन बोलायचं, आणि बैठकीला खुणांच्या भाषेचा दुभाषी द्यायचा. सुपरवायझरने शिफ्ट बदलल्याचं पाठ फिरवून सांगितलं, आणि तिच्यासारखीच ऐकू न येणारी तिची मैत्रीण नोकरीला मुकता मुकता वाचली होती. पुढच्या वेळी वाचेलच असं थोडंच आहे?

"आम्ही तसं वागूच की," वकीलसाहेब म्हणाले. "लिहायला कशाला हवं?"

"तुम्ही वागाल हो. तुमच्यानंतर येणारा?"

"त्याची एवढी काळजी?"

"मग काय, तुमची करू?"

त्याचे कान लाल झाले. युनियनच्या अध्यक्षकाकांना उगाचच खोकला आला.

दुपारपर्यंत तिचे डोळे शिणले. ओठ वाचणं म्हणजे काय खायचं काम आहे? काका फोन घ्यायला बाहेर गेले. वकीलसाहेबांनी कागदात डोकं घालून काहीतरी वाचलं, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दरवेळी काय विचारायचं म्हणून तिने सवयीने मान डोलावली.

कंपनीचे मॅनेजर खूश! "झालं तर. कलम मागे घेतलं, बाईंना मान्य आहे."

हे मात्र तिने ओठांवर लख्ख वाचलं. ती ताडकन उठली.

"नाही झालं," वकीलसाहेब म्हणाले. "मी मान खाली घालून वाचलं. त्यांना काय कळणार? हा होकार धरायचा नाही."

"अहो, तुम्ही वकील कोणाचे?"

"तुमचाच. म्हणून तर सांगतोय, इथे टेबलावर हे होतं, तर खात्यात काय होत असेल? लिहून टाका, साहेब."

मॅनेजरांनी बराच वेळ कुरकुर केली. पण संध्याकाळी कलमासकट करारावर सह्या झाल्या.

ती बाहेर बाकावर बसली होती. तो आला, समोर उभा राहिला.

"पुढच्या वेळी मी नसेन. कंपनीने नारळ दिला."

"अगं बाई... माझ्यापायी?"

"छे! चूक माझीच. खाली बघून वाचलं ना..." तो अडखळला. "तुमच्याकडे बघितलं, की... पुढचं वाचताच येत नव्हतं."

आणि लाजून तिच्या शेजारी टेकायला गेला.

"शेजारी नको!"

त्याचा चेहरा पुन्हा उतरला.

"अहो, शेजारून काय दिसणार मला? समोर बसा." तिने पायाने समोरचं स्टूल पुढे सरकवलं. "आवडलात तुम्ही मला. खूप. आता तुमचं बोला... सावकाश. एकही शब्द चुकवायचा नाहीये मला."